खालच्या रांगेतले उंदीर

मी, अहल्या मुकुंद साळवी, वय ५३, चौथी पास, राहणार गोरवा, बडोदे, काम कॉलेजातलं प्राणीघर झाडणं आणि उंदरांना दाणापाणी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिते. डोकं ठिकाणावर आहे. कोणी जबरदस्ती केलेली नाही. करायला घरात कोणी नाहीच.

१. गोरव्याची खोली आणि बँकेतली शिल्लक भाची सानवीला. तिचा बाप, म्हणजे माझा भाऊ दीनानाथ, मांजलपूर, याचा त्यावर काही हक्क नाही. माझे यजमान गेले तेव्हा तेराव्याला जेवला आणि हात धुताना म्हणाला, "आमच्याकडे येत जाऊ नकोस, उंदरांचा वास येतो." नऊ वर्षं झाली. वास गेला का, विचारायला आला नाही.

२. कुकर शेजारच्या नयनाबेनला. साक्षीदाराला काही देता येत नाही म्हणे, म्हणून आजच देऊन टाकला. एकटीची डाळ त्यात तळालाच राहते.

३. माझी वही मोहना गुप्ते हिला, मी मेल्यावर. ही पोरगी दुखण्यावर पीएचडी करते. उंदराच्या पंजात टोचून सूज आणते, प्रत्येकाला वेगळ्या पिंजऱ्यात ठेवते, आणि किती दिवस पाय उचलून धरतो ते लिहिते. मला म्हणाली, "मावशी, नसांच्या टोकाला रिसेप्टर असतात, दारांसारखे. सूज रेंगाळली की ते वाढतात. मग सूज उतरली तरी उघडेच. माझं औषध ते बंद करतं."

"मग माझ्या खांद्यात किती उघडे आहेत, तेही मोज," म्हटलं. हसली. दिवसभरात माझ्याशी बोलते ती एकटीच.

वहीत काय आहे ते इथंही लिहिते. एकेकटे उंदीर मला बघवेनात. संध्याकाळी घरी जाताना दोघादोघांना एकत्र ठेवायची, सकाळी ती यायच्या आत वेगळे करायची. चिकटून निजायचे. पाय टेकायला लागले. पण माझा हात वर जात नाही, म्हणून फक्त खालच्या रांगेतले. औषध खालच्याच रांगेला होतं, हे तिने पेढे वाटले तेव्हा कळलं. "मावशी, लागू पडलं!" मी पेढा खाल्ला आणि झाडू उचलला.

४. कलम तीन रद्द. मी मरेपर्यंत तिचं सगळं छापून होईल आणि लोक ते खरं धरतील. वही उद्या सोमवारी मीच देईन. मग ती बोलायची नाही, माहीत आहे. वहीऐवजी प्राणीघरातलं माझं स्टूल तिला. घेतलं तर.

वाचून पाहिलं, दोघांसमोर सही केली.

अहल्या मुकुंद साळवी

साक्षीदार:
१. नयना रमणभाई पटेल, शेजारीण
२. बळवंतराव शिर्के, प्राणीघराचे वॉचमन

बडोदे, रविवार, ९ मार्च २०२५