रंभाचं वजन

प्रिय आचल,

तुझ्या आबाजीचा आशीर्वाद. हे फोनवर बोलता येत नाही. रेंज फक्त अंगणात येते आणि अंगणात तुझ्या आजीची खाट आहे. तू वेळेवर जेवतेस ना? होस्टेलचा जिना सावकाश उतरत जा, फरशी ओली असते. मला इथं बसून नाही नाही ते सुचत राहतं.

मागच्या सुट्टीत तलावाच्या पाळीवर बसून तू मला शिकवलंस, ते मी रोज घोकतो. वस्तुमान म्हणजे अंगात द्रव्य किती आहे ते. वजन म्हणजे त्याला पृथ्वी किती ओढते ते. चंद्रावर ओढ कमी, म्हणून वजन कमी, पण माणूस तेवढाच. शाळा अर्ध्यात सुटली माझी, तरी एवढं डोक्यात राहिलं.

रंभाला, तुझ्या आजीला, चंद्रपूरला नेलं होतं, पोटाच्या दुखण्यासाठी. दवाखान्यातल्या काट्यावर ती फारच कमी भरली. मी मनाशी म्हटलं, इथून घुग्घुसपर्यंत जमिनीतला एवढा कोळसा उपसला, खाली पोकळ झालं असेल, तर इथली ओढही कमीच असणार. रंभा आहे तेवढीच आहे. डॉक्टर म्हणाले, आता घरी न्या, आवडेल ते खाऊ घाला. मी खूश झालो गं. आरमोरीच्या बसमध्ये तिला सांगितलं, सुट्टी मिळाली. ती खिडकीबाहेर बघत राहिली. तिला कळलं होतं.

पारड्याचा तराजू ओढीला फसत नाही, दोन्ही पारडी सारखीच ओढली जातात, हेही तूच सांगितलं होतंस. म्हणून आमच्या सोसायटीच्या मासळी तोलायच्या मोठ्या तराजूत तिला बसवलं. तोलणारा मुखरू म्हणाला, "काऊन भाऊ, रंभाबाईले रोहूच्या भावानं विकता का?" तर ही पारड्यातूनच म्हणते, "घेनारा तं पाहा आंधी. खाईन त्याच्या गऱ्यात काटाच अडकन." पाळीवरचे सगळे हसले. मुखरू दुसऱ्या पारड्यातून एकेक वजन उतरवत गेला, तसं हसणं थांबलं. चंद्रपुरात भरली तेवढीच इथंही भरली. उतरवायला मी तिला उचललं. भरलेलं जाळं पाण्याबाहेर येताना एकदम जड होतं, म्हणून आपण आधीच पाय रोवतो. तसेच पाय रोवले मी, सवयीनं, आणि मागच्या मागे पडता पडता वाचलो.

कोळशाचं खोटं निघालं. मग ती गेली कुठं, आचल? द्रव्य असंच नाहीसं होत नाही म्हणालीस ना? तिच्यातलं कुठं जमा होत आहे? मी भात कालवतो, ती दोन घास घेते आणि उरलेला मलाच भरवते. माझं वजन वाढत आहे, याची मला लाज वाटते.

पोरीची परीक्षा होऊ द्या, तोवर तिले काई सांगू नका, अशी तिनं मला स्वतःच्या गळ्याची शपथ घातली आहे. ती मोडली तर तिचं काही होईल, या भीतीनं इतके दिवस गप्प राहिलो. आता ज्याला भ्यायचं तेच दारात आलं आहे. मुखरूचा प्रफुल्ल उद्या नागपूरला येतो, त्याच्या हाती हे पत्र देतो. त्याच्याबरोबरच ये. परीक्षा पुढच्या वर्षीही येते.

तुझाच,
आबाजी