मोर्चा माझा, फोटो झुंबरबाईचा

॥ ॐ नमः शिवाय ॥

कोल्हापूर,
ता. १२ मार्च २००३

चि. विद्याश्री हिस नीलाक्काचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पार्सल चार दिवसांपूर्वी पोचलं. इंग्रजी मासिक एक, सुटे फोटो अकरा, खजुराचं पाकीट एक, तेही फुटलेलं. तिकिटं बासष्ट रुपयांची लावलीस. एवढ्यात माणूस मुंबईहून निम्म्या वाटेपर्यंत येतो.

फोटो देवापुढं ठेवून मग पाहिले. इराकवरची लढाई नको म्हणून लंडनच्या रस्त्यांवरून चाललेली माणसं पाहिली, कानटोप्या घातलेली. अर्जेंटिनातल्या बाया भर रस्त्यात पातेली बडवतात तेही पाहिलं. बँकेनं त्यांचे पैसे अडकवले म्हणून, असं तू लिहिलंयस. खरं असेल, पण पैसे गेले ते गेलेच, वर पातेल्यांना पोचे.

आपल्या जानेवारीतल्या मोर्चाचे फोटो मात्र चार, आणि त्यात मी एकातही नाही! गल्लीच्या तोंडाचं दारूचं दुकान उठवायचं हे आधी कुणी काढलं? घरोघर कोण फिरलं? अर्ज कुणाच्या अक्षरातला? सभा आमच्या सोप्यात, चहा आमचा, साखर आमची. आणि मासिकात पानभर कोण, तर झुंबरबाई! दुकानाच्या कट्ट्यावर चढलेली, हातात चप्पल, तोंड हे एवढं उघडं. मोर्चा निघाला तेव्हा ती म्हशीची धार काढत बसली होती, मागून येऊन मिळाली. खालची इंग्रजी ओळ ह्यांनी वाचून दाखवली, कोल्हापूरच्या मोर्चाच्या पुढारी म्हणे. वाचून ह्यांना हसू आवरेना. ह्यांनीच ते पान तिला देऊन टाकलं, तिनं ते गोठ्यात टांगलंय. दुधाला जाईल त्यानं आधी फोटो बघायचा, मग भांडं पुढं करायचं.

देशोदेशीच्या परक्या बाया तुला दिसतात, सख्खी बहीण दिसत नाही? असो. माया आहे तेवढी तरी राहू दे.

तुझी नीलाक्का


मुंबई,
२० मार्च २००३

ती. अक्कास शि. सा. न. वि. वि.

रागावलीस ना? फोटोखालची ओळ मी लिहिली नव्हती, तिकडच्या संपादकांनी लिहिली. तरी चूक माझ्या पदरात घेते. तुझा फोटो का नाही, ते भेटीत सांगेन.

एक काम आहे. सत्तावीस एप्रिलला इथं माझ्या फोटोंचं प्रदर्शन आहे, सात देशांतल्या रस्त्यावर उतरलेल्या बायांचं. फोटोतल्या एखाद्या बाईनंच दोन शब्द बोलावेत, असं मांडणाऱ्यांच्या मनात आहे. कोरियातली किंवा अर्जेंटिनातली बाई कुठून येणार? म्हणून झुंबरबाईंना बोलावलंय. जाण्यायेण्याचं भाडं तेच देतील. त्यांना वाचता येत नाही, तेव्हा एवढा मजकूर तू त्यांना वाचून दाखव. उद्या दिल्लीला निघतेय. लढाई सुरू झाली, तिथंही लोक रस्त्यावर येतील.

भाऊजींना नमस्कार. तुझ्या रागासकट तुझीच,

विद्या


॥ ॐ नमः शिवाय ॥

कोल्हापूर,
२८ मार्च २००३

चि. विद्याश्रीस अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. झुंबरबाईला यायला जमणार नाही. तिचा गुडघा दुखतो. शिवाय म्हैस व्यायला झाली आहे. सूनही माहेरी गेलीय. आणि आली तरी ती शिकलेल्या माणसांत काय बोलणार? दुकानदाराला दिलेल्या शिव्या तिथं द्यायच्या का?

जागा रिकामी राहिली तर तुझं हसं होईल एवढीच मला काळजी. सगळं प्रकरण पहिल्यापासून मला पाठ आहे. मॅट्रिक झाले आहे, चार वाक्यं शुद्ध बोलता येतात. हे नको म्हणणार नाहीत. माझ्यासाठी म्हणून सांगत नाही हं.

पाडवा आलाच. उन्हात फार हिंडू नकोस. आमच्यावरचं प्रेम पातळ करू नकोस.

नीलाक्का


मुंबई,
४ एप्रिल २००३

ती. अक्कास नमस्कार.

खरं असलं की तू एकच कारण देतेस. या वेळी तीन दिलीस, वर काळजीही केलीस. अक्का, तू त्यांना पत्र वाचून दाखवलंच नाहीस ना?

तुझे फोटो मी सात काढलेत. लंडनला कुणी माझ्याकडं पाहिलं नाही, अर्जेंटिनातल्या बायांना तर मी होते हेही ठाऊक नसेल. तू मात्र मी कॅमेरा वर केला की थांबायचीस, पदर सावरायचीस, हात जोडायचीस, आणि मागच्या बायांनाही थांबा म्हणून खूण करायचीस. घोषणा बंद, सगळ्या ताठ. लग्नात पाहुण्यांचा फोटो निघतो तसा मोर्चा उभा! छापणार काय, कपाळ?

आता माझंही ऐक. वीस वर्षं मी लोकांच्या मोर्चांच्या कडेनं पळतेय. मी थांबले म्हणून कुणी कधी मागं वळून पाहिलं नाही. तू थांबलीस की शंभर बाया थांबत होत्या. त्या दिवशी मला तुझा फार हेवा वाटला. तरीही झुंबरबाईंची जागा तुला द्यायला ती माझी नाही. त्या नाही म्हणाल्या तर खुर्ची रिकामी राहील.

अबोला धरू नकोस.

विद्या


॥ ॐ नमः शिवाय ॥

कोल्हापूर,
१० एप्रिल २००३

चि. विद्याश्रीस आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून दोन दिवस पूजेत लक्ष लागलं नाही. काल संध्याकाळी गोठ्यात गेले आणि मार्चमधला मजकूर झुंबरबाईला वाचून दाखवला. तिनं विचारलं, कागूद कधी आलाय. मी खरी तारीख सांगितली. तिनं धार अर्धी सोडली नाही, पुरी काढली. मग म्हणाली की व्हय, वाटलंच मला, आक्का पंधरा दिस दुधाला का येत न्हाईत, पोरीला का धाडत्यात. फोटू काय मी मागून घेतलाय व्हय, असंही म्हणाली. मी उभीच होते. बस म्हणाली नाही.

थोड्या वेळानं तिनंच भांडं भरून दिलं आणि म्हणाली, जायाचं तर हाय, पण एवढ्या मुंबईत मी एकली हरवीन की, तुमी चला संगं. तेव्हा मी येतेय. माझं भाडं मी माझ्या बचतीतून भरलंय, ते तुझ्या मांडणाऱ्यांच्या खर्चात दाखवू नकोस. तिला नेसायला धड लुगडं नाही, म्हणून माझं ठेवणीतलं इरकल दिलं. तिला ते माझ्यापेक्षा शोभतं. हे तिला सांगितलेलं नाही, तूही सांगू नकोस.

मोर्चा पहिल्यांदा कुणी काढला असं तिथं कुणी विचारलंच, तर माझं नाव घ्यायचं तिनं कबूल केलंय. ती विसरली तर मी मध्येच उठून सांगेन, मग माझ्या नावानं ओरडू नकोस.

एवढंच उलट टपाली कळव, की तिची खुर्ची वर आणि माझी खाली, असं आहे का. असलं तर असू दे. पण खाली पहिल्या रांगेत, आणि तिच्या अगदी समोर. बोलताना अडखळली तर तिनं माझ्याकडं बघावं.

तुझी,
नीलाक्का