कोंबडीच्या बुडाचा मान

बेताफू,
२ डिसेंबर १९९५

चि. राफालीस,
बाकुलीताईचे अनेक आशीर्वाद.

चिरंजीव वाचून दचकला असशील. बाबा गेल्यापासून नऊ वर्षं मी तुला त्यांच्या जागी मानून तीर्थरूप लिहीत आले. पण मी एकसष्टची आणि तू सत्तावन्नचा, हे काही कुठे बदललेलं नाही.

इकडे सर्व ठीक. पीचची झाडं लगडली आहेत आणि गल्लीतली पोरं माझ्या कुंपणाला हक्काने लोंबकळतात.

आता मुद्द्याचं. नवीन वर्षाला धाकट्याने मोठ्याच्या घरी कोंबडीचं बूड न्यायचं, मोठ्याने ते खायचं आणि आशीर्वाद द्यायचा, हे तुला मी शिकवायला नको. नऊ वर्षं मी ती टोपली टॅक्सीत मांडीवर धरून अंतसिराबेला आणली आणि तू चवीने खाल्लंस. यंदा मी आणणार नाही. यंदा मी घरी बसणार आणि तू आणायचंस. पहिल्या तारखेला दुपारी बारापर्यंत वाट पाहीन. शहरात हल्ली बुडाऐवजी पैशांचं पाकीट देतात म्हणे. ते मला चालणार नाही.

रागावलास तर रागाव. तुझ्या बायकोला लालाऊला आणि लेक वुहांगीला आशीर्वाद. लोभ असू दे, आणि यंदा तो खालून वर येऊ दे.

तुझी मोठी बहीण,
बाकुली

अंतसिराबे,
९ डिसेंबर १९९५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. दोनदा वाचलं. मग लालाऊकडून वाचून घेतलं, कारण मला वाटलं माझा चष्माच बिघडला. तर ती बाई वाचून हसत सुटली. त्यात हसण्यासारखं काय होतं ते अजून सांगत नाही.

तू वयाने मोठी, हे कोण नाही म्हणतंय? पण बाबा गेल्यावर घराचा मोठा मी झालो, आणि ते मी मागायला गेलो नव्हतो. तू आपण होऊन माझ्या दारात आलीस, टोपली पुढे केलीस, सगळ्या गल्लीने पाहिलं. आता नऊ वर्षांनी तुला जाग आली. आपला धाकटा भाऊ नैना बायकापोरांना घेऊन दरवर्षीसारखा माझ्याकडे यायचाय. त्याच्यादेखत मी टोपली घेऊन बेताफूच्या टॅक्सीत बसू? अगं, चर्चमध्ये मी पहिल्या बाकावर बसतो. लोक तोंडात शेण घालतील.

एकटी राहून माणसाच्या डोक्यात काहीबाही येतं. चार दिवस इकडे ये. कोंबडी आण, नको आणूस, मी समजून घेईन. पण मी येणार नाही, हे नक्की समज.

गुडघ्याला तेल लावत जा. राग विरघळला की कळव.

तुझा,
राफाली

अंतसिराबे,
१४ डिसेंबर १९९५

ती. आत्यास,
वुहांगीचा शि. सा. न. वि. वि.

आत्या, तू काय केलंस ते तुला ठाऊक आहे का? बाबा घरभर फुरफुरत फिरतायत. जेवताना मधेच चमचा खाली ठेवतात आणि म्हणतात, की घराला मोठा एकच असतो. आई म्हणते, की हो ना, तेच तर ताई म्हणतायत. मग बाबा जेवत नाहीत.

मी तुझ्या बाजूची आहे, पण मला एक कळत नाही. तू मोठी होतीस तर नऊ वर्षं बूड नेलंस कशाला? आणि नेलंस तर आताच का थांबलीस? शाळेत मी मुलांना कारण विचारते, तसं तुलाही विचारते. खरं सांग.

उत्तर टॅक्सीवाल्याच्या हाती दे, टपालाची वाट बघायला मला धीर नाही. माया आहेच, ती ह्या भांडणाच्या पलीकडे ठेव.

तुझी,
वुहांगी

बेताफू,
१९ डिसेंबर १९९५

चि. वुहांगीस,
अनेक आशीर्वाद.

मास्तरीणबाई, कारण ऐका.

तुझे आजोबा गेले त्याच वर्षी तुझ्या बाबांची गिरणीतली नोकरी गेली. तू बारा वर्षांची होतीस. बाबांना ताप येतो असं तुला सांगितलं होतं. ताप नव्हता. पाऊस सुरू झाल्यापासून तो भिंतीकडे तोंड करून पडून होता. दाढी नाही, चर्च नाही, कुणी आलं की पांघरूण डोक्यावर. तेव्हा तुझी आजी माझ्याकडे आली आणि म्हणाली, की बाकुली, यंदाचं बूड तू त्याला नेऊन दे. मी म्हटलं, की तो धाकटा, हे उफराटं कसं करू? ती म्हणाली, की मोठी बहीण वाकली तर त्याला उठून बसावंच लागेल. किती वर्षं, असं मी विचारलं. मी आहे तोवर, म्हणाली.

मी नेलं. तो उठला, तोंड धुतलं, सदरा घातला आणि खाल्लं. मग मला आशीर्वाद दिला. महिन्याभरात काम शोधायला बाहेर पडला.

आजी गेल्या मे महिन्यात गेली. माझा शब्द तिच्याशी होता, तो मी पाळला. आता माझं मला हवं. तुझ्या बाबांना मी पाठीवर बांधून वाढवलं, आईबाबांचं म्हातारपण काढलं, लग्न राहून गेलं. जमीन मागितली नाही, भांडी मागितली नाहीत. कोंबडीचं बूड मागते आहे, आणि ते मी घेणारच.

हे बाबांना सांगायचं नाही. मी मोठी आहे म्हणून त्याने यायचं, उपकार फेडायला नको.

तुझ्या आईला सांग, हसणं ऐकू आलं. माया आहे तशीच राहू दे.

तुझी आत्या,
बाकुली

बेताफू,
३ जानेवारी १९९६

चि. राफालीस,
अनेक आशीर्वाद.

वुहांगी सुखरूप पोचली असेल. तिच्या हाती तू धाडलेलं पाकीट तिच्याबरोबरच परत पाठवलं आहे, न उघडता. पाकिटाला बूड नसतं.

तुला सगळं सांगून टाकल्याचं तिने दारातच कबूल केलं. पोरीच्या पोटात काही राहत नाही, माझ्यावर गेली आहे. आणि ते ऐकून तुला माझ्यासमोर यायची लाज वाटली, म्हणून हे पाकीट. राफाली, तू भिंतीकडे तोंड करून पडलास त्याची मला कधी लाज वाटली नाही, मग तू कशाला वाटून घेतोस? ती नऊ बुडं मी खुशीने दिली. दहाव्या वेळी मात्र तू स्वतः यायला हवं होतंस.

आता पहिल्या तारखेचं ऐक. मी सकाळपासून ठेवणीतली लांबा शाल पांघरून बसले होते. बारा वाजले तशी माझी लाल कोंबडी कापली, आलं घालून शिजवली, भात वाढला. वुहांगीला तंगडी दिली आणि बूड माझ्या ताटात घेतलं. तिचा चमचा हातातच राहिला. म्हणाली, की आत्या, आपल्या कोंबडीचं बूड आपण खात नाही, ते मोठ्याला द्यायचं असतं. मी म्हटलं, की अगदी बरोबर, जा, ह्या घरात माझ्याहून मोठं कुणी असेल तर बोलावून आण. ती खरंच उठून दारापर्यंत गेली आणि रस्त्याकडे बघत उभी राहिली. मग येऊन गुपचूप जेवायला बसली.

मी खाल्लं. एकसष्ट वर्षांत पहिल्यांदा. नुसती चरबी असते रे, आणि एवढंसं हाड. तेवढ्यासाठी मी तुझ्याशी भांडले आणि पुढेही भांडेन. शेजारणींना सांगून झालं आहे, रविवारी पाळकांनाही सांगणार आहे. पुढच्या वर्षी तू आणलंस तर तुझं खाईन, नाही आणलंस तर माझं खाईन. ह्या घरातून बूड आता बाहेर जायचं नाही.

एक गोष्ट मात्र मला कुणी सांगितली नव्हती. घास तोंडात होता आणि सवयीने मी वर पाहिलं, आई काय म्हणते ते बघायला. आई मे महिन्यात गेली. मला ते परवा जेवताना कळलं. वुहांगीने विचारलं तेव्हा आलं झोंबलं म्हणाले. तुला खरं ते लिहिते आहे.

मोठ्या बहिणीचे आशीर्वाद, तू मागितले नसलेस तरी.

बाकुली