भिंतीवरचे दोन ठोके

ता. ३ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र बघून हसशील, पण हे फोनवर बोलायचा धीर होत नाही. दुकानात चष्म्याच्या काचा घासताना ऐकायला मी एक प्लेलिस्ट जुळवते आहे. रॉक, इंडी, ज्यांच्यापायी आपला दादा आप्पांची बोलणी खायचा ती सगळी गाणी. त्याच्याच खात्यावर, कारण तो गेल्यावर ते बंद करायला माझा हात धजावला नाही.

यादीच्या शेवटी त्याच्या बँडचं गाणं होतं, घरी त्याच्या खोलीत रेकॉर्ड केलेलं. गिटार थांबते आणि दोन ठोके पडतात. दचकून माझ्या हातून काच फुटली, म्हणून ते काढून टाकलं. सकाळी ते परत जागेवर. पुन्हा काढलं, पुन्हा आलं. खातं त्याचं, म्हणून खाली लिहून येतं, ‘दादाने जोडले’; पण मी तर ते जोडलेलं नसतं.

मी भुताखेतांना मानत नाही, पण भीती वाटते. त्याहून वाईट म्हणजे उठल्या उठल्या मी आशेने बघते. अशाने वेड लागेल मला. महिनाअखेरीस खातंच बंद करते. त्याचं गाणंही जाईल, पण नाइलाज आहे. आप्पांना बोलू नकोस.

माया आहे तशीच राहू दे.
तुझी,
ठकू

ता. ९ जून

चि. ठकूस,
अ. उ. आ.

लहानपणी सावलीला घाबरून माझ्या पांघरुणात शिरायचीस, अजून तशीच आहेस. भूत सापडलं. घरातच आहे, कानाने ठार बहिरं आहे आणि दादाचा फोन उशीखाली ठेवतं.

आप्पा घड्याळं दुरुस्त करायच्या टेबलावर तो फोन पालथा ठेवतात आणि गाण्याची थरथर कळावी म्हणून वर तळहात टेकवतात. टेबल दादाच्या भिंतीला लागून, आठवतं ना? तो वाजवायला लागला की घड्याळांचे बारीक स्क्रू नाचायचे. आप्पा वैतागून भिंतीवर दोनदा मूठ आपटायचे. पलीकडून दादाचा एक ठोका यायचा, म्हणजे ऐकलं, बंद करतो. बंद कधी केलं नाही ती गोष्ट वेगळी.

तुझ्या गाण्यातले ठोके आप्पांचे आहेत. पोराने मला गाण्यात घेतलं, असं म्हणाले. गाणं परत जोडायचं तेवढं एकच बटण शिकलेत, आणि गाणं कोण काढतं म्हणून संशय माझ्यावर. खातं बंद करू नकोस.

तब्येतीला जप.
तुझी,
ताई

ता. १४ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

खातं राहू देते. पण ठोके दोनच आहेत गं. दादाचा ठोका त्यात का नाही?

तुझी,
ठकू

ता. २० जून

चि. ठकूस,
अ. उ. आ.

तो आधी रेकॉर्डिंग थांबवायचा, मग भिंतीकडे जायचा. म्हणून त्याचं उत्तर त्यात नाही. आप्पांनाही तेच सलतं. गाणं संपलं की भिंतीला तळहात लावून वाट बघत बसतात. मला बघवेना. काल ठरवलं, पलीकडे जाऊन आपणच एक ठोका द्यायचा. म्हातारा फसला तर फसू दे.

खोलीची कडी गंजली आहे. मी ती ओढत होते, तेवढ्यात आप्पांची हाक आली. जाऊन बघते तर डोळे पुसत होते. म्हणाले, फोन चार्जिंगला लाव, पोराने ऐकलं.

ठकू, दार उघडलंच नव्हतं.

जमेल तितक्या लवकर ये. या वेळी मलाच तुझ्या पांघरुणात शिरायचं आहे.

तुझी,
ताई