वरची कवळी, निर्माता अज्ञात

शनिवार, दुपार
(कामाच्या टेबलावरून, शेजारी प्लास्टर वाळतंय, तोवर.)

ती. ताई,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (वाकणं हल्ली गुडघ्यांच्या मर्जीवर असतं, तेव्हा हा कागदावरचाच मान्य करून घे.) तुझा रक्तदाब, भाऊजींचा खोकला आणि तुमच्या छतातून झिरपणारं वरच्यांचं पाणी, तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा आहे. आम्ही इकडे ठीक आहोत. माझे स्वतःचे दात आता अकरा उरलेत, आणि ज्यानं चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या कवळ्या बनवल्या त्याला हे लिहिताना कसं वाटतं ते विचारू नकोस. तुझी भावजय माझ्यावर रागावली आहे, पण त्याचं कारण बाबांच्या कागदांशी निगडित असल्यामुळे ओघानं येईलच.

तुला आठवत असेल, बाबा गेल्यावर मी फोनवर विचारलं होतं की त्यांच्या कागदांचं काय करायचं, आणि तू म्हणाली होतीस, “जाळ नाहीतर दान कर, मला विचारू नकोस.” मी दान केलं. विद्यापीठाच्या वाचनालयात जुन्या कागदपत्रांचा एक विभाग आहे. त्यांनीच पत्र पाठवून कागद मागितले होते. पत्रात बाबांचा उल्लेख ‘थोर शास्त्रज्ञ व विवेकवादी’ असा होता. आपण घरी तर ‘पुन्हा गच्चीवर गेले’ एवढंच म्हणायचो. तीस वर्षं माणूस पहाटे उठून गच्चीवर काचेच्या पट्ट्यांवर जमलेलं दव मोजतो, हे आपल्याला विज्ञान वाटलंच नाही कधी, सर्दीचं निमित्त वाटायचं. आणि विवेकवाद म्हणजे दर शनिवारी बाहेरच्या खोलीत जमणारी ती सात माणसं, त्यातली दोन एकमेकांशी बोलत नसत, आणि त्यांचे निरोप पोचवायचं काम माझ्याकडे असायचं.

तर एकेचाळीस खोकी भरली. घर महिनाअखेरीस रिकामं करून द्यायचं होतं, त्यामुळे मी वाचत बसलो नाही, जे कपाटात दिसलं ते खोक्यात घातलं आणि दानपत्रावर सही करून मोकळा झालो. इथेच घोळ झाला. सहा महिन्यांनी त्यांची छापील सूची टपालानं आली. खोकं सव्वीस, नोंद नववी: ‘सांकेतिक नोंदी, दोन पानं, बहुधा दवमापनाशी संबंधित, उलगडा झालेला नाही.’ ताई, ते तुझ्या भावजयीचं विणकाम आहे. दोन उलटे, तीन सुलटे, एक सोडून द्या. स्वेटरची एक बाही झाली आहे आणि दुसरी कुठल्या टाक्यांनी विणायची ते विद्यापीठात जपून ठेवलंय. म्हणून ती रागावली आहे. आणि त्याच्या खालची नोंद: ‘वरची कवळी, एक, निर्माता अज्ञात.’

बाबांसाठी ती मीच केली होती. चाळीस वर्षांत माझं एकच काम संग्रहात जाऊन बसलं, तेही पत्र्याच्या डबीतून, चुकून, आणि निर्माता अज्ञात. या कवळीवर बाबांनी प्रयोगसुद्धा केले होते, रोजनिशीत लिहून ठेवलेत: किती मिनिटांनी सैल होते, कुठलं अक्षर बिघडतं. (‘स’ आणि ‘श’ बिघडत होते. ‘शास्त्र’ म्हणताना विशेष.) मला हे सहन झालं नाही. ते पान काढून आणायचं म्हणून मी तिकडे गेलो.

तिकडची व्यवस्था सांगतो. दारातच एक बाई बसते, तिशीची असेल, केस घट्ट बांधलेले, ती आल्याआल्या तुझं पेन काढून घेते आणि हातात पेन्सिल देते, कारण आत शाईला मज्जाव आहे. मी तिला मनात पेन्सिलबाई म्हणतो. पिशवी बाहेर, डबा बाहेर, पाण्याची बाटली बाहेर. मग एक फॉर्म. ‘मूळ व्यक्तीशी नाते’ या रकान्यात मी ‘मुलगा’ लिहिलं, ते चाललं. ‘अभ्यासाचा विषय’ यात काय लिहायचं ते कळेना, तेव्हा ‘वडील’ लिहिलं. तिनं फॉर्म परत केला. “काका, विषय फार मोठा होतोय. जरा नेमका करा.” मी बराच वेळ विचार केला आणि ‘वडील (शेवटची वर्षं)’ असं केलं. ते चाललं.

मग तीन दिवस रोज गेलो. एका वेळी एकच खोकं देतात, आणि पानं उलटण्याआधी हात धुऊन यायला लावतात. आपल्याच घरच्या कागदांना हात लावायला मी दिवसातून चार वेळा हात धुतले. पण एक कबूल करतो, त्या खोलीत बसून बाबा मला पहिल्यांदा दिसले. नुसती पत्रंच बघ. कुणीही लिहावं आणि बाबांनी तीन दिवसांच्या आत उत्तर द्यावं, प्रत्येक पत्राला क्रमांक, प्रत्येक उत्तराची प्रत. एका गृहस्थानं लिहिलंय, माझ्या घराच्या भिंतीतून रोज कण्हल्यासारखा आवाज येतो. बाबांचं उत्तर: ‘आवाज ज्या वेळी येतो ती वेळ पंधरा दिवस लिहून कळवावी, तसेच शेजारी आंघोळ कधी करतात तेही.’ नुसत्या नजरेनं खिळे वाकवणारा एक होता, तो बाबांनी नेलेले खिळे बघून आजारी पडला; तर त्यालाही तब्येतीची विचारपूस करणारं पत्र आहे, आणि शेवटी, खिळे अजून माझ्याकडे आहेत, बरे वाटले की कळवा. एका मुलीनं विचारलंय की परीक्षेत नापास होण्यामागे ग्रह असतात का. तिला बाबांनी चार पानं लिहिलीत, त्यातली तीन बीजगणिताची आहेत. ताई, मी दोनदा नापास झालो तेव्हा मला ती तीन पानं मिळाली नव्हती. मी मागितलीही नव्हती म्हणा. पत्र लिहायला हवं होतं बहुतेक.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी ते पान पळवलं. खोटं कशाला बोलू. रोजनिशीतून सुटंच झालेलं होतं, मी घडी घातली आणि सदऱ्याच्या आत बनियनला लावून ठेवलं, आणि उठून शक्य तितक्या साध्या चेहऱ्यानं दाराकडे निघालो. कागद जुना, वाळका. प्रत्येक पावलाला आवाज. पेन्सिलबाईनं मान वर न करता म्हटलं, “काका, तुमचा सदरा वाजतोय.”

माझी पाचावर धारण बसली. वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, स्वतःच्या बापाचा चोर म्हणून पकडलं जाणं कसं असतं ते मला आता माहीत आहे. वाटलं, ही आता शिपायाला हाक मारणार. तिनं हात पुढे केला, पान घेतलं, घडी उलगडून दोन्ही तळव्यांनी सपाट केलं आणि खोक्यात जागच्या जागी ठेवलं. मग मला बसायला खुर्ची दिली. म्हणाली, “घरचे लोक येतात ते असलंच काहीतरी न्यायला येतात. मागच्या वर्षी एकांनी तर आईच्या पत्रातल्या ओळी खोडरबरानं खोडल्या होत्या. तुम्ही निदान पूर्ण पान घेतलंत.” मी म्हटलं, मला लाज वाटते. ती म्हणाली, वाटू द्या, आणि आत जाऊन एक पातळ फाईल घेऊन आली. “ही सूचीत अजून घातलेली नाही. घरच्यांना विचारल्याशिवाय घालावीशी वाटली नाही.”

फाईलवर बाबांच्या अक्षरात लिहिलंय: ‘उत्तर बाकी’.

एवढ्या हजारो पत्रांत त्या फाईलमध्ये एकच पत्र आहे. तुझं. आई गेल्यावर तू लिहिलेलं.

मी ते वाचलं. वाचायला नको होतं, पण वाचलं. आपण त्या दिवसांबद्दल कधी बोललो नाही, म्हणून इथे थोडं लिहितो, रागावू नकोस. आईला हात लावून बरं करणाऱ्या त्या माणसाकडे तू गुपचूप नेलंस, चार दिवस ती उठून बसली, हसली, केस विंचरून घेतले. त्यानं गोळ्या बंद करायला सांगितल्या हे आपल्याला नंतर कळलं. बाबांना समजलं, त्यांनी तिचं जाणं बंद केलं, गोळ्या सुरू केल्या, आणि सगळ्यांदेखत तुला म्हणाले की आजारी बाईला फसवायला लाज कशी वाटली नाही. आईची शुश्रूषा करणाऱ्या नर्सबाईंनीच बाबांना सांगितलं असं धरून तू त्यांना त्याच दिवशी घालवून दिलंस. आई आणखी पाच आठवडे होती, पण पुन्हा हसली नाही. आणि तू पत्रात एकच प्रश्न विचारलास: गोळ्या चालू ठेवून तिला तिकडे जाऊ दिलं असतं, तर तुमचं काय बिघडलं असतं?

त्या पत्राला टाचणीनं उत्तराचे मसुदे लावलेत. अकरा आहेत. तुला वाटलं असेल की त्यांनी पत्र फाडून टाकलं. नऊ वर्षं, ताई, साधारण दरवर्षी एक, कधी दोन. पहिला तावातावानं लिहिलेला आहे, चार पानी, त्यात आईची मूत्रपिंडं आहेत, आकडे आहेत, तू चूक आहेस हे अगदी सिद्ध केलंय, आणि मग स्वतःच आडवी रेघ मारली आहे. दुसरा दोन पानी. पुढे पुढे लहान होत गेलेत. सहाव्यात लिहिलंय, ‘तुझ्या म्हणण्यातला पहिला भाग मला मान्य आहे,’ आणि तिथेच थांबलेत. शेवटचा ते गेले त्याच्या महिनाभर आधीचा आहे: ‘चि. ताईस, तुझ्या प्रश्नाचे उत्तर मला सापडलेले नाही. शोधतो आहे.’

पेन्सिलबाई खिडकीकडे तोंड करून उभी होती. मी तिला रुमाल आहे का विचारलं, तर म्हणाली, कागदांपासून लांब बसून घ्या आधी.

असो. प्लास्टर वाळलं असावं, उठायला हवं. भाऊजींना नमस्कार सांग.

तुझा,
धाकटा

ता. क. ज्यासाठी हे पत्र लिहिलं ते राहिलंच. सोबत एक फॉर्म आहे. घरगुती पत्रं आणि रोजनिश्या तीस वर्षं कुणालाही, म्हणजे आपल्यालासुद्धा, न दाखवता कुलपात ठेवता येतात, पण त्याला दोन्ही वारसांच्या सह्या लागतात. माझी केली आहे. खाली फुली केलीय तिथे तू सही कर आणि पंधरा तारखेपूर्वी पाठव. बाबांचं खाजगी जगानं कशाला वाचायचं, एवढाच हेतू.

ता. क. २. हेतू एवढाच नाही. पाकीट चिकटवलं होतं, पुन्हा उघडलं. मी पळवलं ते पान कवळीचं नव्हतं. कवळीचं पान तिथेच आहे, कुणीही वाचावं. हे पान अकरा वर्षांपूर्वीचं आहे. त्यावर लिहिलंय: ‘दुपारी धाकट्याच्या कामाच्या जागी गेलो. प्रथमच. हात चांगला आहे. त्याच्याकडून कळले की ताई तिच्या आईला हात लावून बरे करणाऱ्या एकाकडे नेते.’ नर्सबाईंनी काही सांगितलं नव्हतं. कुणी विचारलं असतं तरी त्यांनी सांगितलं नसतं. बाबांनीही विचारलं नव्हतं. ते स्टुलावर बसले होते, प्लास्टर घट्ट व्हायला किती वेळ लागतो, पाणी गरम घेतलं तर फरक पडतो का, असं सगळं मला विचारत होते. इतकी वर्षं त्यांनी मला काही विचारलं नव्हतं. मग त्यांचे प्रश्न संपले आणि ते उठायला लागले. त्यांनी आणखी थोडं बसावं म्हणून मी तुझं आणि आईचं ते सांगितलं.

नंतर तू नर्सबाईंना दाराबाहेर काढलंस तेव्हा मी मागे उभा होतो. त्यांनी माझ्याकडे बघितलं होतं. मी त्यांचा पत्ता शोधतोय, अजून मिळालेला नाही.

ता. क. ३. सही करू नकोस. फॉर्म फाडून टाक. तू ये, फाईल तुझी आहे. मी पेन्सिलबाईला सांगून ठेवलंय, ती अकराही मसुदे तुझ्यासमोर ठेवेल आणि बाजूला होईल. मी आत येणार नाही, खाली जिन्यापाशी थांबेन. भेटायचं नसेल तर मागच्या बाजूलाही एक दार आहे, ते पाचपर्यंत उघडं असतं.