दोन पायऱ्यांच्या मधली जागा

मी, खाली सही करणारी, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, निवृत्त भौतिकशास्त्रज्ञ, डोके ठिकाणावर असल्याचे डॉक्टरांकडून तपासून घेऊन, कोणाच्या सांगण्यावरून नव्हे तर राजीखुशीने हे मृत्युपत्र लिहून ठेवते, ते असे :

१. राहते घर माझ्या एकुलत्या एक मुलीचे. मात्र माझी धाकटी बहीण हयात असेतो ते विकू नये व तिची खोली बदलू नये. बँकेतील रक्कम बहिणीच्या देखभालीसाठी वापरावी; उरेल ते मुलीचे.

२. पतीची लाकडी पट्टी आणि आलेखाच्या पेन्सिली मुलीला. त्यामागची हकिकत तिला अर्धवटच ठाऊक आहे.

आम्ही दोघे एकाच प्रयोगशाळेत होतो. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन समोरासमोर आदळवायचे, ऊर्जा पायरीपायरीने वाढवायची, प्रत्येक पायरीवर काय निघते ते मोजायचे. आम्ही शोधत होतो ते कण जन्मतात न जन्मतात तोच संपतात. नेमक्या ऊर्जेला मोजणी एकदम उसळते, तेवढीच त्यांची खूण. जरा अलीकडे-पलीकडे सगळे शांत.

एका पायरीवर मोजणी किंचित जास्त आली. हे आलेखावर पट्टी टेकवून म्हणाले, "पुढच्या पायरीआधी मध्ये एकदा थांबून बघू या." आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख साहेबांनी वेळापत्रकावर बोट ठेवले आणि घोडे पुढे दामटले. वर्षभराने दुसऱ्या प्रयोगशाळेला त्याच मधल्या जागी नवा कण सापडला. साहेब म्हणाले, नशीब. हे शेवटपर्यंत एकच म्हणत राहिले, "तो तिथेच होता. आपण ओलांडून गेलो." त्या दुःखाने माणूस आतून खचला. मला ते बघवत नसे.

३. साहेबांना माझ्याकडून काही नाही. माझ्या शोकसभेत त्यांनी बोलू नये. यांच्या वेळी ते पाऊण तास बोलले आणि त्या पायरीपाशी तेव्हाही थांबले नाहीत.

४. हे कलम खोडा, असे वकीलसाहेब म्हणाले. मी खोडलेले नाही.

पोरी, तू दर रविवारी न चुकता फोन करतेस. मावशी हसते, जुने किस्से सांगते, तू निश्चिंत होतेस. रविवारी ती खरोखरच बरी असते. तुझा फोन येणार म्हणून शनिवारपासून स्वतःला गोळा करते. सोमवारी दिवसभर झोपते. त्यानंतरचे दिवस तुला माहीत नाहीत. "पोरीला कळू देऊ नकोस गं ताई," अशी शपथ तिने मला घातली होती. मी असेतो पाळली, आता सुटली.

पैसे कमी पडणार नाहीत. पण तू रविवार सोडून ये. न कळवता ये, आणि थांब.

साक्षीदार :
१) आमचे डॉक्टर
२) शेजारचे शिंपीकाका (चष्मा विसरले म्हणून दोनदा घरी जाऊन आले)

सही : तुझी आई

स्थळ : स्वयंपाकघरातले टेबल. समोर तुझी मावशी बसली आहे. "बाई, तुम्ही कोणाला लिहिताय?" असे मला विचारते आहे.

वार : बुधवार.