बाण कशाला?

५ जानेवारी, सोमवार
आज अकरावीला अमोनियम शिकवलं. नायट्रोजनकडे तीन हायड्रोजन आधीच — एक इलेक्ट्रॉन तुझा, एक माझा, सगळं रीतसर. चौथा हायड्रोजन येतो तो स्वतःचा इलेक्ट्रॉन गमावून, हात हलवत. मग नायट्रोजन आपल्याजवळ एकटी पडलेली जोडी पुढे करतो. दोन्ही इलेक्ट्रॉन त्याचेच. हाच को-ऑर्डिनेट बंध. फळ्यावर देणाऱ्याकडून घेणाऱ्याकडे बाण काढला.

मागच्या बाकावरची चष्मेवाली म्हणाली, "मॅडम, बंध झाल्यावर चारांतला हा कुठला, ते ओळखता येतं?"

"नाही. चारही सारखेच."

"मग बाण कशाला?"

"मार्कांसाठी." वर्ग हसला. मला नाही हसू आलं.

डोक्यात लेक होती. ह्यांच्या पहिल्या बायकोची. मी ह्या घरात आले तेव्हा नऊ वर्षांची. मला अजून मावशीच म्हणते. हे गेले त्याला आठ महिने झाले. ती परगावी नोकरीला. दर रविवारी फोन करते ती मीच. "बरी आहे, मावशी. जेवले." संपलं!

ठरवलं — आता आपण करायचा नाही. तिकडून येतो का बघू. ह्यांच्यामागे मी तिची कोण, ते तरी कळेल.

११ जानेवारी, रविवार
नाही आला.

१८ जानेवारी, रविवार
नाही. फोन बिघडलाय की काय म्हणून शेजारणीला मिस कॉल द्यायला लावला. वाजतो की मेला! चहाला पाणी ठेवलं, तर पुन्हा दोन कप. घर खायला उठतं.

२३ जानेवारी
चाचणीचे पेपर तपासले. चष्मेवालीने बाण काढलाच नाही. चार सारख्या रेषा. अर्धा मार्क कापला. रागाने कापला, खरं तर.

२५ जानेवारी, रविवार
नाही. मी तरी हट्ट कुणाला दाखवतेय?

२७ जानेवारी
तिच्या ऑफिसातल्या बाईंचा फोन. लेक जिन्यावरून पडली, पाय मोडलाय, बाकी ठीक.

"तुम्ही आईच ना? अडीअडचणीला कुणाला कळवायचं, तिथे तुमचा एकटीचाच नंबर आहे. नातं — आई."

कागद कधीचा, विचारलं.

"नोकरीला लागली तेव्हाचा. चार वर्षं झाली की."

तेव्हा हे होते. चांगले हिंडतेफिरते होते.

चारची बस आहे. निघण्याआधी चष्मेवालीचा अर्धा मार्क परत दिला.